खांबाची राखण

आंदर मावळातल्या आमच्या खांबावर उपग्रहांचे संकेत टिपणारा अँटेना आहे. अनेक देशांतले असे खांब मिळून खंडावरची ठिकाणे नेमकी मोजण्याची चौकट सांभाळतात. राखणदार आबा खांबाजवळ चप्पल काढूनच येतात. जमीन दरवर्षी ईशान्येला सरकते हे ऐकून ते म्हणाले होते, "म्हंजी निजल्यावर बी आमी चालतोच की."

यंदा एका शनिवारच्या नोंदीत खांब, नेहमीच्या सरकण्याखेरीज, अचानक काही मिलिमीटर हललेला दिसला. हा मोठा शोध समजून मी शोधनिबंधाचे शीर्षकही ठरवले.

आबांना विचारले, तर ते म्हणाले, "ताई, त्या शनवारी म्हस घासली खांबाला. माजीच व्हती. लिवून घ्या."

माझा शोध गेला. त्यांचे कामही जाऊ शकत होते. 'म्हैस घासली' एवढेच मी नोंदवले. कोणाची, यासाठी रकाना नव्हता. मग धुक्यात आम्ही दोघे, खांबासह, ईशान्येकडे सरकत राहिलो.