साडेसव्वीस इंच

मास्तरांच्या हातचा कपडा उसवत नाही, असं सगळा बाजार म्हणतो. खोटं नाही ते. हा माणूस तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. पोरं झाडावरून पडतील, गुडघे फोडून घेतील, पण मास्तरांचा टाका सुटणार नाही. मास्तरांना त्याचा अभिमान होता, आणि असावाच. फक्त हेच कसब पोटच्या पोरीच्या मुळावर आलं, एवढंच.

ती झाली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती. आठवा महिना पुरा व्हायच्या आतच आली आणि पहिला महिना काचेच्या पेटीत राहिली. बघायला आलेले लोक "जगेल का हो?" असं तोंडावर विचारायचे. कुठे काय बोलावं याचा पाचपोच लोकांना कधी असतो? त्या प्रश्नाने मास्तरांच्या बायकोच्या मनात धास्ती बसली ती कायमची. पोरीच्या पोटात घास गेला की आईचा जीव भांड्यात पडायचा. मग घासावर घास. दुकानाच्या समोरच बेकरी. रडली की बिस्किट, हसली की केक, शाळेतून आली की बाटलीतलं गोड सरबत. तिसऱ्या वर्षी गाल वर आले तेव्हा तेच लोक म्हणाले, "आता कशी खात्यापित्या घरची दिसते!" आईला आकाश ठेंगणं झालं. सातव्या वर्षी पोट सुटलं तेव्हा ती म्हणाली, "बाळसं आहे हो, उंची वाढली की जाईल." सातव्या वर्षी कसलं आलंय बाळसं? पण हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. मास्तरांची तर नव्हतीच.

मास्तर शिवत राहिले. फ्रॉक घट्ट व्हायला लागला की पोरगी शाळेत गेलेली बघून तो उसवायचा, दोन्ही बाजूंनी इंच-इंच वाढवायचा, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा खुंटीला अडकवायचा. कमरेची पट्टी काढून तिथे इलास्टिक घातलं. वर्गातल्या मुली तिला 'टाकी' म्हणायला लागल्या, तेव्हा बाजूच्या चुण्या पोट झाकेल अशा बसवल्या. ती आरशासमोर उभी राहून विचारायची, "बाबा, मी जाड झालेय का?"

"छे! गेल्या वर्षीचा फ्रॉक अजून होतोय की तुला."

पोरगी खूश होऊन उड्या मारत बेकरीकडे जायची. तिचा बापावर विश्वास होता. मापाच्या बाबतीत तर सगळ्या बाजाराचाच होता.

नवव्या वर्षी तिच्या मानेवर काळपट पट्टा उमटला. आईला वाटलं, मळ. दर रविवारी ती पोरीला मोरीत बसवून खरखरीत घासणीने मान घासायची. "एवढी घोडी झालीस, मान धुता येत नाही?" पोरगी रडायची, मान लालबुंद व्हायची आणि दोन दिवसांनी पुन्हा काळी. मास्तरांनी ते बघितलं आणि गणवेशाची कॉलर बोटभर उंच केली. किती हा हुशार माणूस! पोरीचं शरीर कळवळून काही सांगत होतं आणि हा त्याच्यावर कापड चढवत होता.

इथपर्यंत एक वेळ म्हणता येईल, बिचाऱ्याला काय कळणार. पुढचं मात्र तसं म्हणता येत नाही.

शाळेचा वजनकाटा बिघडला होता आणि नवा येईना. तेव्हा वरून हुकूम आला, मुलांची उंची आणि कंबर मोजा. ज्याची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरेल, त्याला दवाखान्याची चिठ्ठी द्या. चारशे मुलांच्या कमरेला टेप कोण लावत बसणार? नर्सबाईंनी शक्कल काढली. "मास्तर, तुम्ही गणवेशाची मापं घेताच ना? माझ्या यादीत कंबर तेवढी लिहून द्या. तुमच्याइतकं बिनचूक माप कोण घेणार?"

मास्तरांनी चारशे मुलांची मापं बिनचूक लिहिली. बेकरीवाल्यांच्या मुलीला चिठ्ठी मिळाली. वर्गात 'जाड्यांची चिठ्ठी, जाड्यांची चिठ्ठी' म्हणून मुलींनी तिला रडवलं. तिची आई दुकानात येऊन मास्तरांना वाट्टेल ते बोलून गेली. पण मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

मास्तरांच्या पोरीला चिठ्ठी मिळाली नाही. उंची चौपन्न इंच, कंबर एकतीस. दुकानाच्या वहीत मास्तरांनी एकतीसच लिहिलं, कारण कापड खोट्या मापाने बेतता येत नाही. शाळेच्या यादीत लिहिलं, साडेसव्वीस. निम्म्याहून अर्धा इंच कमी. आधीच 'टाकी' म्हणतात, त्यात ही चिठ्ठी कशाला, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या वर्षी वहीत साडेतेहेतीस, यादीत अठ्ठावीस. त्याच्या पुढच्या वर्षी वहीत छत्तीस, यादीत एकोणतीस. एकदा खोटं लिहिलं की दर वर्षी त्याला शोभेल असं लिहावं लागतं.

तेराव्या वर्षी पोरगी कवायतीत चक्कर येऊन पडली. त्याआधी महिनाभर घटाघटा पाणी पीत होती. पुस्तक उघडलं की पेंगत होती. मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टरबाईंनी मान बघितली, पोट दाबलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईबापाला समजावून सांगितलं. साखर वाढली आहे. यकृतात चरबी साठली आहे. आणि रक्तात सूज दिसते आहे.

"सूज? कुठे हो? पाय तर बघा, चांगले आहेत," आई म्हणाली.

"ही सूज डोळ्यांना दिसत नाही, ताई. चरबी फार साठली की शरीर आतून बारीक धुमसत राहतं. कळत काही नाही, पण यकृत आणि रक्तवाहिन्या खराब होत जातात. मानेवरचा हा काळेपणाही त्यातलाच. आतलं बिघडल्याची खूण आहे ती. मळ नव्हे."

आईने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

डॉक्टरबाईंच्या हातात नर्सबाईंच्या यादीवरून भरलेलं शाळेचं आरोग्यकार्ड होतं. "हे मला समजत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी कंबर एकोणतीस आणि आज साडेअडतीस? वर्षात साडेनऊ इंच? हे नुसत्या खाण्याने होत नाही. ग्रंथींचा काही आजार आहे का, ते शोधावं लागेल."

मास्तर शेजारीच उभे होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "शोधा."

मग चार दिवस शोध चालला. सकाळी रक्त, दुपारी रक्त, रात्रीची गोळी देऊन पुन्हा सकाळी रक्त. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायची. तेरा वर्षांची पोर तो डबा ओढणीखाली झाकून न्यायची. दोन्ही हात सुयांनी निळे पडले. मास्तर रोज ते हात बघत होते. खोटं लिहिलेले तीन आकडे पोरीच्या दंडातून रक्त काढत होते आणि ते फक्त त्यांनाच माहीत होतं. पाचव्या दिवशी ठरलं की डोक्याचा फोटो काढायचा.

"बाबा," पोरीने त्यांची बाही धरली, "माझ्या डोक्यात काय झालंय? खरं सांगा ना. मी जगेन का?"

मास्तर उठले ते तडक दुकानात गेले. तीन वर्षांच्या तीन वह्या घेऊन आले आणि डॉक्टरबाईंसमोर ठेवल्या. "कार्डावरचं खोटं आहे. ते मीच लिहिलं. ही खरी मापं."

डॉक्टरबाईंनी पानं उलटली. मग डोक्याच्या फोटोच्या कागदावर काट मारली. "तीन वर्षांपूर्वी आला असता, तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या खाटेवरून हाक आली, नाहीतर पुढे काय बोलल्या असत्या कोण जाणे.

पोरीने एक वही ओढून घेतली. आपलं नाव शोधलं. मग कार्ड घेतलं. एकतीस. साडेसव्वीस.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुला कुणी चिडवू नये म्हणून गं, बाळ."

"चिडवायच्याच की. रोज." ती वहीवरून बोट काढेना. "मला वाटायचं, त्या खोटं बोलतात. कारण माझे बाबा मापं घेतात, त्यांचं चुकत नाही."

जून उजाडला. शाळा उघडायच्या आधीचे ते आठ दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बेकरीवालीण मुलीला घेऊन आली होती. ती मुलगी आता ताडमाड झाली होती, चिठ्ठीबिठ्ठी सगळं विसरलेली. तेवढ्यात मास्तरांची पोरगी गर्दीतून आत आली. नेहमीसारखी माप द्यायला पडद्याआड गेली नाही. तिने बापाच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, सगळ्यांसमोर आपल्या कमरेला लावला आणि खाली वाकून वाचला.

"अडतीस," ती मोठ्याने म्हणाली. "लिहा."

मास्तरांनी पेन उचललं.

"आणि इलास्टिक घालू नका. पट्टी लावा. घट्ट झाला तर मला कळू दे."

ती वहीवर वाकून उभी राहिली, मास्तरांनी आठाचा आकडा पुरा काढेपर्यंत. मग टेप त्यांच्या हातात न देता मशीनवर ठेवला आणि घरी गेली.