सहा ते सातचं कोर्ट

मी काकूंच्या शिवणदुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्या माझ्या आईच्या वयाच्या, पण आमची दोस्ती आहे. त्यांच्या बोलण्यात कापड, बॅडमिंटन आणि नणंद एवढंच असतं. डबल्समध्ये नणंदच जोडीदार, त्यामुळे तक्रारी एकदमच उरकतात.

गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये एकच कोर्ट आहे. यंदा तिथे व्यायामाचे वर्ग सुरू झाले आणि खेळायला संध्याकाळी सहा ते सात एवढाच तास उरला. तो मागणाऱ्या जोड्या दोन: काकू आणि नणंद, दाताचे डॉक्टर आणि त्यांचे सासरे. व्यवस्थापकाने हात झटकले. म्हणाला, "खेळून ठरवा. जिंकेल त्याला वर्षभर तास."

काकूंना दुकानाबाहेरचा तेवढाच वेळ मिळतो. तो गेला की खेळ सुटला.

सामन्याच्या सकाळी मी खाली गेलो, तर काकू शाळेचे गणवेश कापत होत्या. जाड निळं कापड, थरावर थर, आणि ती लोखंडी कात्री.

"काकू, फिजिओ म्हणाले होते ना, आज हाताला विश्रांती?"

"रॅकेटला हातही लावलेला नाही सकाळपासून."

कात्री आणि रॅकेट आवळणारे स्नायू एकच. हाताचं दुखणं बघणाऱ्या फिजिओने हे त्यांना समजावलं होतं. मान डोलावून त्यांनी पुढचा थर कापला.

गुण मोजायला मी बसलो. पहिला गेम काकूंनी जिंकून दिला. दुसऱ्यात त्यांनी मारलेलं शटलचं फूल जाळीपर्यंतही पोहोचेना. कोपराखालचा हात दगड झाला होता आणि बोटं आपोआप उघडत होती.

"वहिनी, घट्ट धरा. सुई नाही ती."

"बोटं ऐकत नाहीत हो, वन्सं."

"मग माझं ऐका. पुढे उभ्या राहा, मागचं मी बघते."

"घरीही हेच चाललंय."

दुसरा गेम गेला. तिसऱ्यात वीस-अठरा. डॉक्टरांना एकच गुण हवा होता, आणि तेव्हाच त्यांच्या पोटरीत गोळा आला. ते आडवे झाले. उठले नसते तर सामना काकूंचा होता.

काकू जाळीखालून पलीकडे गेल्या. हातात जोर नव्हता, म्हणून डॉक्टरांच्या पायाचा तळवा गुडघ्याने रेटू लागल्या.

"वहिनी, राहू दे की," नणंद पुटपुटली. "तास आपला होतोय."

"आडव्या माणसाकडून काय घ्यायचं? डॉक्टर, दात काढताना पेशंटला काय सांगता?"

"थोडंसं दुखेल."

"हां. थोडंसं दुखेल."

डॉक्टर कळवळले, मग उठले. त्यांनी सर्व्हिस केली. फूल अलगद काकूंकडे आलं. शिकाऊ खेळाडूनेही परतवलं असतं. काकूंनी हात फिरवला आणि रॅकेट निसटून जाळीत जाऊन अडकली.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. दंडापासून मनगटापर्यंत हात चोळत राहिल्या.

सासरेबुवा पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावता लावता थांबले.

"जावईबापू, उद्यापासून आपण दोघं खेळायचं कुणाशी?"

मी गुणांच्या पाटीकडे पाहत राहिलो. महिनाभर तासासाठी भांडलो होतो सगळे. डबल्सला चौघं लागतात, हे एकालाही सुचलं नव्हतं.

"तुम्हीच या," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "उद्या सहाला."

काकूंनी उजवा हात उचलून पाहिला. मूठ वळेना.

"उद्या नको. उद्या मला चहाचा कपही धरवणार नाही. परवा येऊ. आणि डॉक्टर, पोटरी शेकून या, मी सोडणार नाही."