येरळेच्या वाळूतला वस्ताद

आकाराम पंधरा वर्षं लष्करात काढून पेन्शनीवर घरी आला, तेव्हा कडेगावच्या फाट्यावर त्याला आणायला भावकीतली बैलगाडी गेली होती. येरळेकाठच्या त्या गावात घरटी एक तरी माणूस पलटणीत. कुणी पासष्टात लढलेला, कुणी एकाहत्तरात पाय गमावून आलेला. संध्याकाळी ही मंडळी पारावर बसली की गोष्टींना ऊत यायचा. आकाराम मात्र कोपऱ्यात बसून सुपारी कातरायचा. तो लंगरात होता. सिक्कीमच्या थंडीत पहाटे उठून सगळ्या कंपनीच्या चपात्या लाटायच्या, डाळीचे हंडे उतरवायचे, यातच त्याची नोकरी सरली. काम हलकं नव्हतं. उपाशी पलटण लढत नाही, हे कुणीही फौजी सांगेल. पण ते बोलायला त्याची जीभ रेटायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "वरच्या चौकीवर हुतो."

शहात्तर साली सांगलीच्या एका थेटरात चिनी हिरोचा मारामारीचा पिक्चर लागला. गावातली पोरं ऊस घालायला गेलेल्या ट्रकमधून सांगली गाठून तो बघून आली आणि उड्या मारायला लागली. हिरो अंगानं काटकुळा, पण पाय असा फिरवतो की धा जण आडवे! हातानं कौलांची चळत फोडतो! त्या दिवशी पारावर हरिबा पाटलांनी आकारामला डिवचलं, "काय रं, तू चिन्यांच्या हद्दीवर हुतास न्हवं? हे असलं काय बगितलंस का न्हाई कवा?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आकारामनं अडकित्ता खाली ठेवला.

"बगितलं? शिकलोय मी. आमच्या चौकीवर एक गुरखा हुता, त्यानं शिकिवलं."

बोलून गेला खरा, आणि बाण सुटला. दुसऱ्याच दिवशी आठ-दहा जवान पोरं दारात उभी. त्यांच्यात पुढं होता मनुबाईचा नाथाजी. मनुबाईचा नवरा लवकर गेला होता. पोराला भरती व्हायचं वेड. रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळायचा. तो पाया पडून म्हणाला, "वस्ताद, आमास्नी शिकवा. भरतीला उपेगी पडंल."

वस्ताद! पैलवानांच्या त्या मुलखात हा शब्द कुणालाही मिळत नाही. आकारामच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्याच रात्री तो अंथरुणात उठून बसला. शिकवायचं काय?

मग त्यानं वाट काढली. बायकोला, अंजनाला, सांगितलं की पाठीची शीर दुखतीया, मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला जावं लागेल. एसटीनं निघायचं आणि सांगलीला उतरून थेटरात शिरायचं. पुढच्या बाकड्यांवर शिट्ट्या मारणाऱ्या पोरांत बसून तो हिरोचे पाय बघायचा. टाच कुठं टेकते, कंबर कशी वळते, किंकाळी कधी फोडायची. तोच पिक्चर पुन्हा, पुन्हा. मग त्याच हिरोचा दुसरा आला, तोही तसाच. परत येऊन नदीच्या वाळूत पोरांना शिकवायचं. पोरं घामाघूम व्हायची. गावच्या बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या. आकारामची चालसुद्धा बदलली. अंजना म्हणायची, "दवाखान्यात जाऊन आला की लय हुशारी येती बगा तुमास्नी." मिरजेचा डॉक्टर आता आपला चांगला वळखीचा झालाय, अशी थापही त्यानं गावात सोडून दिली.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. तिसऱ्यांदा पिक्चर बघताना कौलं फोडायच्या जागी त्याला दिसलं होतं, की वरच्या कौलाच्या मधोमध आधीचीच बारीक चीर आहे. करवतीनं मारल्यासारखी सरळ. आणि हात पोचायच्या आत धूळ उडते. त्यानं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. कारण पोरांना कौल फोडायची शेवटची परीक्षा त्यानं कबूल केली होती.

नाथाजीनं मंगलोरी कौलं आणली, कोरी करकरीत. दोन दगडांवर चळत रचली. आकाराम म्हणाला, "मन एका जागी आन. ध्यान ढळलं तर हात जाईल." हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं होतं. नाथाजीनं डोळे मिटले, ओरडला आणि हात मारला. वरचं एक कौल फुटलं. हाताचं हाडही.

पोरगं ओरडलं नाही. हात छातीशी धरून नुसतं वाळूत बसलं. मनुबाई धावत आली. बघते तर करंगळीच्या बाजूनं पंजा टम्म सुजलेला.

"आकाराम भावजी, तुमचा मिरजंचा डाक्टर हाय न्हवं? आत्ताच्या आत्ता न्या माज्या पोराला."

 मिरजेत आकारामला कुत्रं ओळखत नव्हतं. तिथं गेलं की सगळं उघडं पडणार, अंजनापुढं, गावापुढं. तो म्हणाला, "एवड्याला मिरज कशाला? आपला हाडवैद्य बरा. मोडलं नसंल, मुरगाळलं आसंल." वस्तादाचा शब्द, कोण मोडणार? हाडवैद्यानं पाला बांधला, कामट्या लावल्या. सूज उतरली. हाड वाकडंच जुळलं.

चार महिन्यांनी भरती निघाली, तेव्हा नाथाजी कोल्हापूरला गेला. पळण्यात पहिल्या पाचांत आला. लष्कराच्या डॉक्टरनं मूठ वळायला सांगितली. दोन बोटं वळलीच नाहीत. त्याला रांगेतून बाजूला काढलं.

परत आल्यावर तो सरळ आकारामच्या घरी आला. आकारामला वाटलं, आता हा शिव्या देणार. तो मनातून तयारही झाला, त्याला जरा बरंच वाटलं असतं. पण नाथाजी उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "वस्ताद, माजंच चुकलं. तुमी सांगितलं हुतं ध्यान ढळू दिऊ नगं. हात मारताना माज्या मनात भरतीचा इचार आला. तिथंच गेलं सगळं."

 अंजनानं चहा आणला. नाथाजीनं कप डाव्या हातानं उचलला. तेवढं बघून आकारामला आपला कप उचलवेना.

"पिक्चर परत लागलाय म्हनं सांगलीत," नाथाजी म्हणाला. "माज्यासंगं चला. माजं कुटं चुकलं ते मला तितं दावा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. रविवारी दोघं गेले. थेटर निम्मं मोकळं होतं. पिक्चर जुना झालेला, रीळ जागोजागी तुटलेलं. आकारामनं या हिरोला आजवर नुसतं चोरलं होतं. आज पहिल्यांदाच तो पिक्चर बघत बसला. पडद्यावरचा माणूस दरवेळी मार द्यायच्या आधी मार खात होता. गुरू मेल्यावर रडत होता. हे सगळं एवढ्या खेपांत आपल्याला दिसलंच कसं नाही? कौलांची जागा जवळ येत गेली तसा तो पडद्याऐवजी नाथाजीकडं बघायला लागला.

हिरोनं हात उचलला. धूळ उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाथाजी पुढं वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, कौल आदीच चिरल्यालं हुतं का वो?"

"व्हय."

"तुमास्नी ठावं हुतं?"

अंधारात खोटं बोलणं सोपं होतं. तरी आकाराम म्हणाला, "व्हय. ठावं हुतं."

नाथाजी उठून गेला नाही. शेवटपर्यंत पडद्याकडं बघत राहिला. बाहेर स्टँडवर आल्यावर आकारामनं उरलेलं सांगून टाकलं. गुरखा नव्हता. चौकी होती, पण तिथं तो चपात्या लाटत होता.

"आनि मिरजंचा डाक्टर?"

"कुनी न्हाई. मी हितंच यायचो. म्हनून तर तुला मिरजंला न्हेलं न्हाई."

लंगराचं ऐकून नाथाजीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. हे ऐकल्यावर मात्र तो आकारामकडं असा बघायला लागला, जसा अनोळखी माणसाकडं बघतात. एसटी लागली. तो चढून पुढं ड्रायव्हरमागं बसला. आकाराम मागं.

त्या रात्री आकारामनं अंजनाला सगळं सांगितलं. तिनं दिव्याची वात बारीक केली. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं मिरजंत बाई ठिवलीया तुमी. तसं आसतं तर मी एकटी रडली आसती. ह्यात त्या लेकराचा हात गेला." आणि कूस बदलून झोपली.

सकाळी तो मनुबाईच्या अंगणात उभा राहिला. नाथाजीनं घरात काहीच सांगितलं नव्हतं. आकारामनं सांगितलं. मनुबाई जात्याशी बसली होती, तिनं हात थांबवला नाही. दळता दळता म्हणाली, "हात मोडला, मोडू दे. पर माजं पोरगं चार म्हैनं सोताला दोष दित बसलं हुतं. धड जेवत न्हवतं. आनि तुमी ते बगत हुता, भावजी." तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले. "जावा आता," ती म्हणाली.

वाळूतल्या पोरांनाही त्यानं सांगितलं. काही हसली, काहींनी तोंडं फिरवली. पारावर आठवडाभर हाच विषय होता, मग उसाच्या तोडी सुरू झाल्या आणि लोक आपापल्या कामाला लागले. आकारामला मात्र विसरणं जमेना. भिंतीवर त्या हिरोचं पोस्टर दिसलं तरी कानाच्या पाळ्या तापायच्या.

मनुबाईनं शेवटी पोराला मिरजेला नेलं. आकारामही त्याच गाडीत चढला. ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, जा म्हणूनही नाही. दवाखान्याच्या पायरीवर तो दिवसभर बसून राहिला. डॉक्टरनं हाड पुन्हा मोडून जुळवायचं ठरवलं. विळा धरण्याइतका हात सुधारेल, त्यापुढचं सांगता येत नाही, म्हणाला. तसंच झालं. हातात विळा आला. भरती मात्र पुन्हा जमली नाही. पुढं वयही निघून गेलं.

प्लास्टर घालून परतताना एसटी गच्च भरली होती. मनुबाईला कुणीतरी जागा दिली. नाथाजी गळ्यात हात अडकवून दांडीला टेकून उभा. आकारामला मागं जागा मिळाली होती. तो उठला आणि म्हणाला, "बस, नाथाजी."

नाथाजीनं ऐकलं. खिडकीबाहेर बघत राहिला. आकाराम बसला नाही, कुणाला बसूही दिलं नाही. ती जागा पलूस येईपर्यंत तशीच मोकळी राहिली, मग एक म्हातारी टोपली घेऊन चढली आणि तिथं बसली.

दोघांची रानं शेजारी होती. वर्षभर बांधावर गाठ पडली तरी नाथाजी बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात कॅनॉलचं पाणी सुटलं, तेव्हा एका दुपारी त्यानं पलीकडून हाक मारली, "आवं, तुमचं रान भिजलं आसलं तर पाटाचं दार मोडा, पानी हिकडं येऊ द्या." आकाराम खोरं घेऊन धावला. चिखलात पाय रुतला, पडता पडता वाचला, आणि त्यानं पाणी नाथाजीच्या सरीला वळवून दिलं.