बंद खोलीतला पाव्हणा

हुबळीच्या कमरीपेठेत नागुबाईच्या कोंबड्यांना कुंपण म्हणून काही ठाऊकच नव्हतं. सकाळी डालगं उचललं की एक शेजारच्या विमलाबाईंच्या तुळशीत, दुसरी शिंप्याच्या दुकानात, तिसरी गटारीपलीकडं. पण १९७८ साली मानमोडीची साथ आली, माना पिळवटून पाखरं पटापट गेली आणि अंगणात नुसती पिसं उरली.

पुढच्या साली नागुबाईनं पिल्लांपासून नवा कळप उभा केला. लेक मथुरा पहिलटकरीण; बाळंतपणाला माहेरी येणार. तिला घरच्याच कोंबडीचा रस्सा पाजायचा, हा नागुबाईचा पण! जनावरांच्या दवाखान्यात नेऊन तिनं सगळ्या पाखरांना लस टोचून आणली. तिथल्या कंपाउंडरनं बजावलं, "बाहेरचं पाखरू आलं तर वेगळं कोंड, अक्का. त्याला दाणापाणी सगळ्यांत शेवटी. तिथल्या चपला वेगळ्या, बाहेर आलीस की पाय धू."

आणि नशीब बघा, मथुरेला सोडायला आलेला जावई, अळणावरच्या लाकूडअड्ड्यावरचा जोतिबा, काखेत काय घेऊन आला? बाजारातला तांबडाभडक कोंबडा!

"आत्ती, तुमच्या कोंबड्यांना नवरा आणलाय."

नको म्हणावं तर जावई रुसणार, सोडावा तर कळप जाणार. नागुबाई गोड हसली. "अय्य, एवढ्या मोठ्या पाव्हण्याला अंगणात कसं ठेवू? त्याला वेगळी खोली!"

जोतिबा छाती फुगवून परत गेला. कोंबडा परसातल्या जळणाच्या खोलीत गेला; आल्यापासून एकदाही आरवला नाही. दाराशी नागुबाईनं वारलेल्या नवऱ्याच्या चपला ठेवल्या. आपल्या पाखरांचं दाणापाणी उरकलं की त्या घालून ती आत जायची, "जेवा हो पाव्हणं" म्हणायची, बाहेर येऊन खसाखसा पाय धुवायची.

विमलाबाईंचा नवरा कचेरीत असायचा, बाईंचे कान भिंतीला असायचे. त्यांनी पुरुषी चपला पाहिल्या, 'पाव्हणं' ऐकलं, आणि आठवडा होतो न होतो तोच आतून घरघर ऐकली.

"यव्वा! घोरतोय की गं!"

नळावर बातमी फुटली. दुपारपर्यंत पाव्हण्याला मिशा आल्या, संध्याकाळी तो मिलिटरीतून पळालेला ठरला. बातमी गाडीत बसून अळणावरला पोचली, तोवर त्याला मोटरसायकलही मिळाली होती.

जोतिबा तणतणत आला. मागं सगळी गल्ली.

"आत्ती, कोण आहे आत?"

"तुमचाच माणूस."

"माझा?"

"तुम्हीच आणलाय की. काखेतून!"

जोतिबानं दार ढकललं, गल्ली मागोमाग आत घुसली. कोंबडा मान पिळवटून आढ्याकडं बघत होता, घशात घरघर चाललेली. विमलाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला, आणि तो तिथंच राहिला. ती मान गेल्या सालच्या साथीपासून सगळ्यांच्या ओळखीची होती. जोतिबाचा चेहरा पांढराफटक.

"पाय धुतल्याबिगर कुणी हलायचं नाही!" नागुबाई गरजली.

मग काय, रांग लागली! विमलाबाई सगळ्यांत पुढं, पातळ घोट्यावर धरून. पाणी ओतायला खुद्द जावई.

कोंबडा दुसऱ्या दिवशी गेला; चुना टाकून त्याला खोल पुरला. कळपातली एकही मान वाकडी झाली नाही. मथुरेला मुलगा झाला आणि रस्सा घरचाच शिजला.

जोतिबा लेकाला बघायला आला, तर बाळंतिणीच्या दाराशी पाण्याची बादली.

"या पाव्हणं," नागुबाई म्हणाली.

जोतिबा निमूट पाय धुवू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून विमलाबाईंचा आवाज आला, "टाचा राहिल्या हो!"