करंजाखाली बसलेल्या बाई

सापवाल्या बाईंना भित्रा माणूस चालायचा. खात्रीने बोलणारा भित्रा माणूस मात्र अजिबात खपायचा नाही. कॉलनीत कुणी "साप! साप!" ओरडलं की त्या अनवाणीच खाली यायच्या. पहिला प्रश्न ठरलेला: "तोंड पाहिलंत का त्याचं?" बहुतेकांनी शेपूटसुद्धा धड पाहिलेली नसायची. देवळाली कॅम्पात जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, आणि तो सगळा दरारा आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला आला.

इमारतीमागच्या करंजावर रुका सर्प असायचा. तपकिरी, सडपातळ, फांद्यांवरून सरसर पळणारा. लोक त्याला उडता साप म्हणत. "उडत नाही हो, घाबरून पळतो. तुमच्यासारखाच," बाई म्हणायच्या.

पण खरी दहशत हरणटोळाची. तो झाडावरून झेप घेऊन माणसाची टाळू फोडतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. करंजाखालून जाताना बायका डोक्यावर पदर घेत आणि पुरुष चालतसुद्धा हेल्मेट घालून जात. बाई मला दंडाला धरून नेमक्या तिथेच उभं करायच्या. "रंग पोपटी, तोंड टोकदार, आणि डोळ्यातली बाहुली आडवी. अगं, सरडे खातो तो. तुझ्या टाळूत काय ठेवलंय त्याच्यासाठी?"

पुढे बाईंना कर्करोग झाला. केमोने केस गेले. नेमकं तेव्हाच सेक्रेटरींनी सापांच्या भीतीने करंज तोडायचं ठरवलं. सिन्नरकडून आलेला कुऱ्हाडवाला वर बघत म्हणाला, "टाळू फोडतो त्यो, बाई. लय डेंजर हाय."

बाईंनी डोक्याचा स्कार्फ सोडला, प्लास्टिकची खुर्ची करंजाखाली ओढली आणि तुळतुळीत डोक्याने त्यावर बसल्या. "येऊ दे की. आता तर केसांचीही आडकाठी नाही."

"मॅडम, तुमची तब्येत बघा," सेक्रेटरी म्हणाले.

"तब्येत माझी, टाळूही माझी. झाड मात्र तुमच्या एकट्याचं नाही."

अंधार पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि इतका अभिमान मला दुसऱ्या कुणाचा कधी वाटलेला नाही.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला नाही, तोच कुऱ्हाडवाला पुन्हा हजर! मी तशीच खाली धावले. "आधी साप दाखवा," म्हटलं.

"तो काय लोंबतोय!" सेक्रेटरींनी बोट केलं.

"तो गुळवेल आहे. साप त्याच्या वरच्या फांदीवर आहे. पोपटी, टोकदार तोंडाचा. हरणटोळ. बाहुली आडवी आहे का, ते जवळ जाऊन बघा."

कुणी पुढे झालं नाही. मीच जाऊन फांदीखाली उभी राहिले, कुऱ्हाडवाला निघून जाईपर्यंत.

माझा मी ओळखलेला तो पहिला हरणटोळ. सांगायला धावत बाईंच्या दाराशी गेले आणि तिथलं कुलूप बघून मोठ्याने रडले. रडू आलं म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. करंज मी तोडू देणार नाही.