चौकोनाबाहेरची टिक

हिशेब विभागातल्या शिंदेबाई मी आणि माझी सहकारी अश्विनीनं बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या नव्या स्क्रीन तपासत होत्या. माझ्या स्क्रीनवर त्यांनी ‘पावती हवी’ या शब्दांवर क्लिक केलं. काहीच झालं नाही. माझ्या चेकबॉक्समध्ये टिक यायला शब्दांशेजारच्या इवल्या चौकोनावरच नेम धरावा लागतो. अश्विनीनं तिच्या स्क्रीनवर शब्दही चौकोनाला जोडलेत. कुठेही क्लिक करा, टिक येते.

“हिचं बरंय बाई,” अश्विनीची स्क्रीन वापरून बघत त्या म्हणाल्या आणि माझ्या पोटात दुखलं. कोडच्या एका ओळीचं तर काम. पण अश्विनी स्वतःही तशीच. कुणी कुठूनही बोलायला लागावं, ती खुलते. माझ्याशी बोलताना माणसं आधी शब्द जुळवतात.

ती ओळ मी लगेच लिहिली. आता माझ्याही शब्दांवर टिक येते. शिंदेबाई मात्र अजून अश्विनीच्याच टेबलाशी उभ्या आहेत.