महाशिवरात्रीची ठंडाई

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही धुळ्याला, देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी तेव्हा रांगायलाही लागली नव्हती. महाशिवरात्रीला माझा कडक उपास आणि हे सकाळच्या एस.टी.नं जळगावला गेलेले. दुपारी शेजारच्या मारवाडी घरातल्या थोरल्या सुनेनं कुंपणावरून लोटाभर ठंडाई दिली.

"यात भांग नाही हं भाभी, खुशाल प्या."

घशाला कोरड पडली होती. मी उभ्या उभ्याच लोटा रिकामा केला. त्यांच्या घरात दोन पातेली होती आणि घाईत अदलाबदल झाली, हे नंतर कळलं.

थोड्या वेळानं मुलीला लंगोट बांधताना माझ्या हातांकडे लक्ष गेलं. बांगड्या माझ्याच होत्या, हात मात्र दुसऱ्याच कुणा बाईचे. ती बाई माझ्या लेकीचं काय करील, याचा मला भरवसा वाटेना.

तिला पाळण्यात ठेवायला उठले. पाळणा समोरच होता, पण चालावं तशी खोली लांबत गेली. मुलगी रडत होती आणि आवाज माझ्या घशातून येत होता. कसंबसं तिला ठेवलं आणि वळले. खरंच ठेवलं का? की नुसतं मनात आलं? परत जाऊन पाहिलं. होती. वळले की पुन्हा तोच संशय. मग एकाएकी खात्रीच वाटली, की मी तिला पांझरेच्या काठी ठेवून आलेय. तळपायांना ओली वाळूसुद्धा लागली.

मी दाराची चौकट घट्ट धरली आणि ओरडले, "अक्का!"

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. मागच्या खोलीत एकट्या राहायच्या, बोलणं खेड्यातलं, अहिराणी. त्या धावत आल्या.

"काय व्हयनं वं माय?"

"पोरीला माझ्यापासून लांब ठेवा. मी... ही मी नाहीये."

त्यांनी माझे डोळे पाहिले, लोटा हुंगला. "भांग शे ही. तू येडी नही व्हयनी. उतरी जाई."

मला भिंतीला टेकवून त्यांनी दाराला कडी घातली आणि मुलीला मांडीवर घेतलं. मी सारखी विचारत होते, "पोरगी?" त्या न कंटाळता सांगत होत्या, "आठेच शे, मना जोडे," इथेच आहे, माझ्याजवळ. मुलगी भुकेनं कळवळली, माझा पान्हा दाटून आला, पण त्यांनी मला पाजू दिलं नाही. गाईचं दूध चमच्यानं पाजलं. ते बघताना मला दिसलं, की भिंतीपाशी एक बाई रडत बसलीये. तिची मला फार कीव आली. ती कोण, ते मात्र आठवेना.

संध्याकाळी हे आले आणि ऐकून हसले, "चढली वाटतं!" शेजारची सून पाया पडून रडली. तोवर हात माझे मला परत मिळाले होते. भीती मात्र गेली नाही. मुलीला अंघोळ घालायची म्हटलं की पुन्हा माझ्या हातांचा मला भरवसा वाटायचा नाही. मी ते फक्त अक्कांना सांगितलं.

"तू धुव, मी देखस," त्या म्हणाल्या. रोज सकाळी मोरीच्या दाराशी पाट टाकून बसायच्या, मेथी निवडत.

एके दिवशी मुलीनं पाण्यात असे पाय आपटले, की माझं लुगडं चिंब झालं आणि मी मोठ्यानं हसले. अक्कांना दाखवावं म्हणून वळले, तर पाट रिकामा होता. त्या केव्हाच उठून आपल्या चुलीकडे गेल्या होत्या.